फुटलं ते फुटलं

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला. जाणकार आधी नारळ ठोकून, कानाशी धरून पारखतात, पण आतलं खोबरं कसं आहे ते कवटी फुटल्यावरच कळतं. गुपिताच्या बाबतीत मराठीला ‘फुटणे’ हेच क्रियापद का जवळचं वाटलं असेल, ते मला या बंदरावर उमगलं.

इंग्रजीत गुपित उघड झालं की पिशवीतलं मांजर बाहेर पडतं, नाहीतर घेवड्याचे दाणे सांडतात. मांजर शोधून आणता येतं, दाणे वेचता येतात. आपल्याकडे बिंग फुटतं, भांडं फुटतं, बातमी फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो. पंचतंत्रातली मसलतही सहा कानी गेली की फुटतेच. ‘षट्कर्णी’ म्हणजे तेच : सांगणाऱ्याचे दोन, ऐकणाऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचे दोन.

पण हेच क्रियापद अन्यायाला वाचाही फोडतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. ‘चव्हाट्यावर आणणे’ म्हणजे नाचक्की, असं सगळीकडे धरतात. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावांत मात्र चव्हाटा हे देवस्थान आहे. गाऱ्हाणं देवासमोर, चार माणसांच्या देखत, मोठ्याने घालायचं असतं. सोसणाऱ्याने तोंड उघडणं आणि दुसऱ्याने त्याचं गुपित फोडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ते अंतर मला नवव्या वर्षी ठाऊक नव्हतं. आतेने मुलाच्या फीसाठी पाटली गहाण टाकली होती आणि ते फक्त मला सांगितलं होतं. चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं असताना मी ते सगळ्यांसमोर बोलून गेलो. वडिलांचा हात ताटातच थांबला. मी घाईघाईने आणखी काही सांगू लागलो, तेव्हा आजीने माझ्या तोंडावर हात ठेवला. “फुटलां तां फुटलां. आता पाणी तरी सांडू नको.”

वडिलांनी दिवाळीआधी पाटली सोडवून आणली. आते नंतरही माझ्यासाठी खाऊ आणायची, डोक्यावरून हात फिरवायची. मनातलं मात्र ती मला पुन्हा कधी बोलली नाही.