पाद्र्याचा पगार कुणाच्या पाठीवर?

जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलाम सोडवणाऱ्या माणसांना. पँथरनं १९७२ साली नाव घेतलं ते तिथल्याच काळ्या पँथरांचं. तेव्हा तिथल्या एका देवघराची चोपडी तपासायचा आपल्याला पुरा हक्क आहे.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड कौंटी. तंबाखूचा मुलूख. तिथं खेड्यात ब्रायरी प्रेस्बिटेरियन चर्च. मंडळी जमली १७५५ साली. पाद्र्याला पगार कुठून द्यायचा? वर्गणी काढली आणि त्या पैशातून माणसं विकत घेतली. ही माणसं वर्षाच्या कराराने, वाढीव बोलीवर भाड्यानं द्यायची. भाड्यातून पाद्री पोसायचा. बाईला पोर झालं की तेही चर्चच्या मालकीचं. मायला, मुद्दल आपोआप वाढतंय! गोरा भक्त खिशात हात न घालता स्वर्गाच्या रांगेत.

१८५० च्या दशकात नवी इमारत उठली. लाकडी, उंच उतरत्या छपराची, टोकदार खिडक्यांची. नकाशा रॉबर्ट लुईस डॅबनी या पाद्री-पंडिताचा. १८६५ साली गुलामी कायद्यानं मेली. १८६७ साली ह्याच डॅबनीनं तिची तरफदारी करणारं अख्खं पुस्तक छापलं. काळ्याला बरोबरीचा पाद्री करू नका म्हणून धर्मसभेत गरजला.

आज वास्तुपंडित त्या छपराकडं बघून माना डोलावतात. खिडकीची कमान मोजतात. भाड्यानं गेलेल्या बाया कोण मोजणार?

आणि हे जुनं मढं नाही. ह्याच कौंटीत १९५१ साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं काळ्या पोरांचा शाळेत संप केला. खटला सुप्रीम कोर्टात गेला, १९५४ साली जिंकला. गोऱ्यांनी काय केलं? १९५९ ते १९६४ सरकारी शाळांनाच टाळं ठोकलं. गोऱ्या पोरांच्या खाजगी वर्गांना मात्र चर्चच्या खोल्या मोकळ्या होत्या.

त्याच गावगाड्यात रेव्हरंड ग्रिफिनचं काळ्यांचं बाप्टिस्ट चर्चही होतं. संपकरी पोरांच्या आईबापांची सभा तिथं भरली. येशू तोच, बायबल तेच. किल्ली कुणाच्या कमरेला, एवढाच फरक.

म्हणून देऊळ असो, मठ असो, चर्च असो, कुणी कळस दाखवून समतेचं प्रवचन झोडलं तर माना तुकवू नका. सरळ विचारा : महाराज, कळस दिसला, आता वहीखातं काढा. दगड कुणी वाहिले? पगार कुणी भरला? आणि आत बसायला जागा कुणाला होती?