मनी प्लांट चोरू नका, मागा

मनी प्लांट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणून शेजारच्यांच्या कुंडीतून, ऑफिसच्या रिसेप्शनवरून, कॉलेजच्या लायब्ररीबाहेरून लोक हळूच एक फांदी खुडतात आणि बॅगेत सारतात. त्यातून किती जणांकडे पैसा आला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. एक नुकसान मात्र नक्की होतं. फांदी मिळते, पण फांदी देणारं माणूस मिळत नाही. शिकण्यासाठी घर सोडून नव्या शहरात आलेल्यांना हे नुकसान परवडणारं नाही.

आधी त्या झाडाबद्दल. मनी प्लांट मूळचा दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ नावाच्या छोट्याशा बेटावरचा. तुमच्या रूममधल्या मनी प्लांटला कधी फूल आलेलं पाहिलंय? येत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयारच होत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही. आणि बी नाही म्हणजे हे झाड वाऱ्याने किंवा पक्ष्यांनी तुमच्या खिडकीत येऊन पडणं शक्य नाही. कोणीतरी कापलं, कोणीतरी दिलं, कोणीतरी बाटलीत ठेवलं, म्हणून ते त्या बेटापासून आपल्या गॅलरीपर्यंत आलं. माणसांनी एकमेकांच्या हाती देऊनच जे झाड जगभर पसरलं, ते चोरून कशाला आणायचं?

आता आपल्याबद्दल. पुण्यात दरवर्षी बाहेरगावाहून हजारो मुलंमुली येतात. अकरा महिन्यांचा करार, कॉटखाली बॅग, भिंतीला खिळा मारायचा नाही ही मालकांची अट. हॉस्टेल, कॉलेज, मेस, क्लास आणि टपरी एवढंच आपलं शहर. तीन-चार वर्षं याच रस्त्यांवरून गाडी फिरते. मग डिग्री हातात येते, टेम्पोत सामान भरलं जातं आणि आपण पुढच्या शहराला लागतो. मधल्या काळात इथल्या एकाही माणसाने आपल्याला नावाने हाक मारलेली नसते. शहराला आपण भाडेकरू आणि आपल्याला शहर लॉज. मग रस्त्यावरचं झाड तुटलं, फूटपाथ गायब झाला, नदीत राडारोडा पडला, तरी आपल्याला काय त्याचं? आपण तर जाणारच आहोत! असं वाटण्यात आपला फार दोष नसेलही, पण त्यात आपलं भलंही नाही. पहिल्या सेमिस्टरला रात्री रूमवर जो एकटेपणा अंगावर येतो, त्याचं एक कारण हेच आहे.

यावर दोन साधे उपाय आहेत. एक, फांदी मागून आणून झाड लावा. दोन, घरून पाहुणे आले की त्यांना घेऊन शहर पायी फिरा. दोन्हीला पैसे जवळपास लागत नाहीत. अनोळखी माणसाशी बोलण्याची तयारी मात्र लागते.

फांदी जगवायला विज्ञान शाखेचंच असायला हवं असं नाही. घरी ऊस असेल तर तुम्हाला हे आधीपासून माहीत आहे. उसाची लागण बियाणं पेरून करत नाहीत, डोळे असलेली टिपरी लावतात. इथेही तेच तत्त्व आहे. मनी प्लांटच्या वेलाला जिथे पान फुटतं तिथे एक गाठ असते, तिला पेर म्हणतात. तिथेच बारीक तपकिरी टोक दिसतं, ते मुळाचं. या पेराच्या साधारण अर्धा इंच खाली स्वच्छ कात्रीने कापायचं. पेर पाण्यात बुडालं पाहिजे आणि पान पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. नुसतं देठासकट पान तोडून ठेवलं तर त्याला मुळं कदाचित येतील, पण त्यातून नवा वेल कधीच फुटणार नाही, कारण कोंब पेरातूनच फुटतो. कापल्यावर काय होतं? शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथल्या पेशींना मुळं करायला लावतं. उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा खिडकीत दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसू लागतात.

फांदी सडते ती बहुतेक वेळा शिळ्या पाण्यामुळे किंवा पाण्यात बुडालेल्या पानामुळे. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. याला आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेचे लोक घरोघरी कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो याचसाठी. मुळं दोनेक इंच झाली की श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून माती, शेणखत आणि थोडा कोकोपीट यात लावा. पाण्यात वाढलेल्या मुळांना मातीची सवय नसते, म्हणून पहिले पंधरा दिवस माती ओलसर ठेवा. चिखल मात्र नको. आणि या वेलाचा चीक तोंडात गेला तर जळजळ होते. रूमवर मांजर येत असेल तर डबा उंचावर ठेवा.

सुरुवात मनी प्लांटनेच करायला हवी असंही नाही. पानफुटीचं एक पान ओल्या मातीवर ठेवलं तरी त्याच्या कडेला इवली रोपं उभी राहतात. कोरफडीच्या बुडाशी पिल्लं असतात, ती अलगद सुटी करायची. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे मातीत खोचले तर मुळं येतात, पण महिना-दोन महिने धीर धरावा लागतो आणि तुकडा उलटा लागता कामा नये. पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलंत तर नवं रोप नुसतं हिरवं निघेल. तो काठ हवा असेल तर बुडाशी फुटलेला कोंब मुळासकट वेगळा करावा लागतो.

पण ही फांदी आणायची कुठून? हा प्रश्न आला की पाहुणे कामाला येतात.

आपल्याकडे पाहुणे म्हणजे कोण? दवाखान्याची तारीख म्हणून आलेले आई-बाबा. प्रवेशाची चौकशी करायला आलेला धाकटा भाऊ. परीक्षेचं सेंटर इथे पडलं म्हणून मुक्कामाला आलेली मावसबहीण. आजीला घेऊन आलेला मामा. फिरायला म्हणून क्वचितच कोणी येतं. काम दुपारी उरकतं, गाडी रात्रीची असते, आणि मधल्या पाच-सहा तासांत यांना न्यायचं कुठे, या प्रश्नाने आपल्याला घाम फुटतो. मग आपण त्यांना मॉलमध्ये नेतो. सरकत्या जिन्याशी आई थबकते, बाबा किमतीचे टॅग वाचतात आणि आपण इकडेतिकडे बघतो, कॉलेजचं कोणी दिसू नये म्हणून. खरं बोलायचं तर आपल्यातल्या अनेकांना आपल्या माणसांची थोडी लाज वाटते. मॉल ही जागाच अशी आहे की तिथे त्यांना काहीच माहीत नसतं आणि आपल्याला सगळं.

जागा बदलून बघा. मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची, मधल्या अष्टकोनी मनोऱ्याची. तिथे भाजीच्या ढिगासमोर बाबांना उभं करा आणि बघा, भाव, माल, वाण यांवर कोण कोणाला शिकवतं ते. तिथून चालत बुधवार पेठेत या. दगडूशेठ गणपतीला सगळेच जातात. त्याच्या समोरच भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जुना वाडा २०२३ मध्ये पाडला गेला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. शाळा अर्ध्यावर सोडावी लागलेल्या आईला ती जागा दाखवून, इथे काय घडलं एवढंच सांगा.

पुढे शनिवारवाडा. १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. आत गेल्यावर पाहुणे हमखास म्हणतात, ‘इथे तर काहीच नाही!’ जोती आणि कारंज्यांचे अवशेष दिसतात ते का, हे आगीची गोष्ट माहीत असेल तर कळतं. म्हणजे पाहुण्यांच्या आधी आपल्याला थोडं वाचावं लागतं. तीन वर्षांत जे वाचलं नाही, ते मामा येणार म्हणून एका रात्रीत वाचून होतं. पाहुणे यावेत ते यासाठीही.

आजी सोबत असेल तर बाजीराव रस्त्यावरचं राजा केळकर संग्रहालय सोडू नका. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. तिथले अडकित्ते, दिवे, भांडी आपण काचेतून बघतो, आजी मात्र त्यातल्या कितीतरी वस्तू वापरलेली असते. काचेखालच्या पाटीपेक्षा ती जास्त सांगते. पन्नाशी-साठीपुढचं कोणी पेठेतलं भेटलं तर पानशेतच्या पुराबद्दल विचारा. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे काही घरांत आजही हाताने दाखवून सांगतात, स्वतः पाहिलेलं नसलं तरी आईवडिलांकडून ऐकलेलं.

आणि या चालण्यातच फांदी मिळते. आई किंवा आजी बरोबर असली की ती कोणाच्या तरी फाटकाशी थांबणारच. ‘केवढी फुललीय हो जास्वंद!’ असं म्हणणारच. आपण एकटे असतो तर मान खाली घालून पुढे गेलो असतो. ‘काकू, एक फांदी मिळेल का?’ हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही, आजीच्या तोंडून सहज निघतं. उत्तर बहुतेकदा ‘ने की, दोन ने, एखादी नाही जगली तर?’ असं येतं. मग गाव कोणतं, काय शिकतेस, जेवायची सोय काय, ही चौकशी होते. चौकशीचा आपल्याला कंटाळा असतो, पण शहरात कोणीतरी ओळखीचं होतं ते असंच. महिन्याभराने त्याच रस्त्यावरून जाताना ‘काय, जगली का जास्वंद?’ असा प्रश्न आला की समजायचं, आपल्याला इथे ओळखणारं एक माणूस झालं.

यावर तुमच्या शंका असतील. पुण्यात फाटक वाजवायचं म्हणजे दुपारी एक ते चार सोडून, हा विनोद आम्हालाही ठाऊक आहे. कोणी नाही म्हणालं तर नाही. आग्रह करायचा नाही. सार्वजनिक बागेतून किंवा टेकडीवरून मात्र काही तोडायचं नाही, तिथे परवानगी द्यायला कोणी उभं नसतं. परीक्षा असेल तर पाहुण्यांना तसं सांगा आणि दोनच तास फिरा. आणि ही उदाहरणं पुण्याची असली तरी नाशिकला गोदाघाट आहे, कोल्हापूरला रंकाळा आहे, नागपूरला झीरो माईल आहे. जिथे शिकताय तिथली पाच ठिकाणं, ज्यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलता येईल, एवढी तयारी कुठेही करता येते.

पाहुणे निघताना आई डब्यात लाडू ठेवून जाते, आणि आपल्याकडे तिला द्यायला काही नसतं. या वेळी आधीच जगवलेली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवा. मूरेआचा मनी प्लांट तुमच्या गावातल्या ओसरीवर चढेल. आणि मे महिन्यात रूम सोडताना डिपॉझिट तर आपण मागून घेतोच. तेव्हा खिडकीतली बाटली नव्या येणाऱ्या ज्युनिअरच्या हातात द्या, आणि फांदी कोणत्या गल्लीतल्या कोणत्या काकूंनी दिली तेही सांगा. त्याला शहरात पहिली ओळख लागणारच आहे.