जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे

पतसंस्थेच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा असतो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मारलेली फुली. ‘इथं, इथं आणि मागच्या बाजूला,’ असे म्हणत कर्मचारी बोट ठेवत जातो आणि मेहुण्यासाठी आलेला शिक्षक, मित्रासाठी आलेला एसटीचा वाहक सह्या करत जातो. तारखेची जागा पुष्कळदा कोरीच. ‘नुसती सही आहे, काही होत नाही,’ एवढेच त्याला सांगितलेले असते. पुढे कधीतरी घरी नोटीस येते, बायको ती वाचून दाखवते आणि तेव्हा त्याला कळते की आपण साक्षीला उभे नव्हतो, कर्जाला उभे होतो.

हा अनर्थ ‘जामीनदार’ या एका शब्दामुळे होतो आणि तो घरोघरी होतो आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जेवढी जबाबदारी कर्जदाराची तेवढीच जामीनदाराची. ‘आधी त्याची जमीन विका, मग माझ्या दारात या,’ असे म्हणायची सोय नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच हे स्पष्ट केले आहे.

त्याच कागदावर ‘वैयक्तिक व सामुदायिक जबाबदारी’ असे शब्द असतात. तिघे जामीनदार असले की प्रत्येकाला वाटते, बुडालेच तर आपल्या वाट्याला तिसरा हिस्सा येईल. प्रत्यक्षात संस्था तिघांपैकी कोणा एकाकडूनही सगळी रक्कम व्याजासकट वसूल करू शकते. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो त्याला गाठणे सर्वांत सोपे. नोकरदार जामीनदाराचा आग्रह उगाच नसतो. सहकारी पतसंस्थेला त्यासाठी वर्षानुवर्षे दिवाणी दावा लढवावा लागत नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाचा वसुली दाखला मिळाला की जप्तीचा मार्ग मोकळा. भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क जामीनदाराला आहे. पण त्याच्याकडे काही उरले असेल तर ना!

कर्जदाराचीही गत फारशी वेगळी नाही. ‘१२ टक्के फ्लॅट’ हे शब्द ऐकून तो खूश होतो. १ लाखाच्या कर्जावर ३ वर्षांत ३६ हजार व्याज, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच. घटत्या शिलकीवर मोजले तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना बंधन घातले आहे. कर्जाचा खरा वार्षिक खर्च सांगणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे आणि ते समजावूनही सांगायचे. नियम चांगला आहे. पण तो कर्जदारासाठी आहे, जामीनदाराच्या हाती ते पत्रक पडेलच असे नाही. शिवाय पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि सह्यांचे हे गठ्ठे सर्वाधिक तिथेच उलटले जातात.

म्हणून आमची मागणी पुण्यातल्या सहकार आयुक्तांकडे आहे आणि ती एका परिपत्रकात मावेल एवढी लहान आहे. कोऱ्या जागा ठेवून घेतलेली जामीनदाराची सही ग्राह्य धरू नये. आणि सहीच्या वर त्याने स्वतःच्या हाताने लिहावे: ‘याने हप्ते थकवले तर सगळे कर्ज व्याजासह मी फेडीन आणि संस्था त्याच्याआधी माझ्याकडे येऊ शकते.’