दुआसोबत दवाही

आपल्या मोहल्ल्यात कुणाचा पाय गेला तर जमात व्हीलचेअर आणून देते. किडनीचा आजार असेल तर जुम्याच्या नमाजनंतर वर्गणी जमते. पण एखादा तरुण रात्र-रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, तेव्हा घरचे दार लावून घेतात. ‘असर झालाय’ म्हणतात. बहिणीचं लग्न जमणार नाही, ही भीती त्यामागे असते.

मग दर्ग्याच्या वाऱ्या सुरू होतात. आपल्या खानदेशातून गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यापर्यंत लोक जातात. त्यांना हसण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. याच दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम उभा राहिला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं आणि आवारातच मानसोपचार डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआही करतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. श्रद्धा सोडा, असं कुणी म्हणत नाही.

दवा नसली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण त्यात गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं बांधून ठेवायला मनाई आहे.

पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं; खानदेशात एकही नाही. तरी जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मानसोपचार मिळतो. अडतं ते सोबतीवाचून. एसटीचं भाडं, रोजगार बुडवून लावलेली रांग, दर महिन्याच्या गोळ्या. गोळ्या मध्येच सुटल्या की आजार पुन्हा डोकं वर काढतो.

हे काम जमातीने उचलावं. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ च्या सुमारास बांधलेल्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता आणि खर्च वक्फमधून चाले. आपण निदान मशिदीमागे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया नेमू शकतो. त्यांनी रुग्णाचं नाव कुठे फोडू नये, दवाखान्यात सोबत जावं, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्यावा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. घर गरीब असेल तर जकातीतून गोळ्या द्याव्यात.

इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत नंबर एकदा सांगितला, तरी बरीच बंद दारं उघडतील.