हिवाळी केसांचं ‘शास्त्रीय कारण’

‘शास्त्रीय कारण लिहा : हिवाळ्यात काही प्राण्यांच्या अंगावर दाट केस येतात.’ बहुतेक वह्यांत उत्तर एकच, थंडीपासून संरक्षण व्हावे म्हणून. आपणही बरोबरची खूण करून पूर्ण गुण देतो. माझं स्पष्ट मत, देऊ नयेत. हा झाला केसांचा उपयोग. प्रश्नात कारण विचारलंय, ते उत्तरात आलंच नाही.

कडाका पडल्यावर केस वाढायला लागले तर जनावराला उशीरच व्हायचा. शरीराला ऋतू कळतो तो मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून. अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्र जितकी मोठी, तितका जास्त वेळ ते स्रवतं. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीतून येणारं प्रोलॅक्टिन कमी होतं आणि हिवाळी केसांची तयारी सुरू होते. दिवस मोठे होऊ लागले की प्रोलॅक्टिन वाढतं, जुने केस गळतात. (हो, दूध तयार होण्यात काम करणारं प्रोलॅक्टिन तेच!) अमेरिकेत बिसोनेट या संशोधकांनी 1930 च्या दशकात मिंक या प्राण्याला ऐन उन्हाळ्यात कृत्रिमरीत्या लहान दिवस दिले. हिवाळी केस वेळेआधीच आले. थंडीचा पत्ता नव्हता.

आता हे शिकवायला ध्रुवीय कोल्ह्याचंच चित्र कशाला हवं? मात्र एक लक्षात ठेवा. आपल्या साताऱ्या-सांगलीत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक असतो, म्हणून हा परिणाम थंड देशांइतका ठळक दिसत नाही. माणदेशातल्या दख्खनी मेंढीची लोकर तर बारमाही वाढते, वर्षातून साधारण दोनदा कातरतात. ती किती येणार, यात चाऱ्याचा वाटा मोठा. जतकडच्या माडग्याळी मेंढीला मुळात लोकरच कमी, कारण वाणच तसं. मेंढपाळाच्या घरच्या मुलाला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. पण गाईडमधली एक ओळ पाठ केलेल्या मुलाला पूर्ण गुण, आणि हे मूल गप्प. हे मला खटकतं.

पालकहो, ती ओळ पाठ करून घेऊ नका. कॅलेंडरमधून जून आणि डिसेंबरचे सूर्योदय-सूर्यास्त काढून मुलांना वजाबाकी करू द्या. कातरणीचे महिने आजोबांना विचारू द्या. दावणीच्या संकरित गाईवरून हात फिरवल्यावर केस कधी जास्त हाती येतात, तेही तारखेसह वहीत लिहू द्या.