माझ्याकडे तर चाललं होतं

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि डोक्यात अजून बुधवारची मीटिंग. तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं. ज्यांचा युनिक्सशी संबंध पासवर्ड टाकण्यापुरताच येतो त्यांनी मधला भाग खुशाल गाळावा.

तर झालं असं. आमच्याकडे डेटाबेसचा बॅकअप रोज संध्याकाळी हाताने घेतला जायचा. ज्याची पाळी असेल तो घरी निघताना कमांड मारायचा. टीममधे वर्षभरापूर्वी आलेला एक मुलगा आहे. त्याने आपणहून एक शेल स्क्रिप्ट लिहिली. दोन्ही डेटाबेस एकदमच बॅकग्राउंडला डंप करायचे, जीझिपने दाबायचे आणि चौदा दिवसांपेक्षा जुन्या फायली पुसायच्या. ती त्याने रात्री दोन वाजता क्रॉनमधे लावली. मी वाचली आणि "मस्त, टाक" म्हणालो. हा 'मी' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणीस दिवसांनी कुणीतरी एका टेबलवर 'व्हेअर' न लिहिता डिलीट मारलं. काही हरकत नाही, बॅकअप आहे की! फोल्डर उघडलं. रोजच्या दोन फायली, तारखेसकट, शिस्तीत ओळीने उभ्या. प्रत्येक फाइल बरोब्बर २० बाइट्सची.

हे २० बाइट्स म्हणजे काय, तर 'काहीही नाही' जीझिप केल्यावर जे उरतं ते. फाइल तांत्रिकदृष्ट्या एकदम निर्दोष. तपासायला सांगा, जीझिप म्हणेल सगळं ठीक आहे.

कारण पाथ. आमचं पोस्टग्रेस सोर्सवरून बिल्ड केलेलं, त्यामुळे त्याचा डंप प्रोग्रॅम /यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल/बिन मधे बसलेला. आपण लॉगिन करतो तेव्हा प्रोफाइल फाइल वाचली जाते आणि ती डिरेक्टरी पाथमधे जोडली जाते. क्रॉन लॉगिन वगैरे करत नाही. पॉल विक्सी यांनी १९८७ मधे लिहिलेला क्रॉन आणि त्याचे वंशज बहुतेक लिनक्सवर आहेत. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ते साधारणपणे /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच पाथ हातावर ठेवतात. जीझिप तिथे सापडला, डंप सापडला नाही. पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात, म्हणजे जीझिपचा. तो पास. वर पूर्ण ओळीमागे अँपरसँड. बॅकग्राउंडला सोडलेल्या कमांडचं पुढे काय झालं हे शेल आपणहून विचारत नाही, सोडता आली एवढ्यावरच शून्य परत करतो. आणि क्रॉनच्या ओळीच्या शेवटी, इंटरनेटवरून जशीच्या तशी उचललेली, सगळं आउटपुट डेव्ह-नलमधे ढकलणारी शेपटी. 'कमांड सापडली नाही' हा संदेश रोज रात्री दोनदा छापला जात होता, आणि रोज रात्री कचऱ्यात जात होता.

पुसायचं काम मात्र चोख चाललं होतं. चौदा दिवसांनंतर हाताने घेतलेले चांगले बॅकअप एकेक करून गेले.

आता माझं मत. लोक म्हणतात क्रॉन भिकारडा आहे, त्याला निदान आपलं प्रोफाइल तरी वाचता यायला हवं. मला हे अजिबात पटत नाही. प्रोफाइल माणसासाठी असतं. त्यात आपण प्रॉम्प्ट रंगवतो, काहीबाही प्रयोग करतो, सहा महिन्यांनी विसरतो. रात्रीचं काम त्यावर टांगलं तर कुणीतरी दुपारी एक ओळ बदलेल आणि रात्री दोनला काहीतरी कोसळेल. क्रॉन जे देतो ते अगदी थोडं, पण रोज तेच. सिस्टमडीचे टायमरही तुमचं प्रोफाइल वाचत नाहीत, आणि बरोबरच करतात.

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहिणारे. तेही मी करत नाही. मॅकवाल्यांना आठवत असेल, ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मशिन आल्यावर होमब्रू /यूएसआर/लोकल सोडून /ऑप्ट/होमब्रू मधे राहायला गेला. ज्यांनी वीस ठिकाणी पूर्ण पाथ लिहिले होते ते वीस ठिकाणी बदलत बसले. स्क्रिप्टच्या पहिल्या दोन-तीन ओळींत पाथ स्वतः ठरवावा, एकदाच. जे काय बदलायचं ते तिथे.

पाथ व्हेरिएबलइतकाच त्रास 'आपण उभे कुठे आहोत' याचा. क्रॉन आपल्याला होम डिरेक्टरीत सोडतो, स्क्रिप्टच्या डिरेक्टरीत नाही. शिवाय 'अमुक डिरेक्टरीत जा आणि तमुक चालव' या जोडीमागे अँपरसँड लावला की अख्खी जोडीच वेगळ्या सबशेलमधे जाते. पुढची ओळ आपली जुन्याच जागी. आणि जागा शोधणं फसलं तर काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण २०१५ च्या जानेवारीतलं. लिनक्सवरच्या स्टीमची स्क्रिप्ट स्वतःची डिरेक्टरी शोधून त्याखालचं सगळं उडवायची. काही परिस्थितीत शोध फसला, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि 'त्याखालचं सगळं' म्हणजे रूटपासून सगळं झालं. लोकांच्या होम डिरेक्टऱ्या गेल्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने चक्क 'स्केअरी!' अशी कॉमेंट टाकून ठेवली होती :-) भीती वाटली, पण तपासणी नाही टाकली. आपलं तरी काय वेगळं आहे म्हणा.

असो. बुधवारची मीटिंग. वरच्यांनी विचारलं, "टेस्ट न करता कसं लावलंस?" पोराने तीनदा टेस्ट केली होती. हाताने, स्वतःच्या टर्मिनलवर, स्वतःच्या पाथसकट. "सर, माझ्याकडे तर चाललं होतं," तो म्हणाला, आणि सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. पाच-सात सेकंदच असतील, पण मला अजून मोजता येतायत. मग मी सांगितलं की रिव्ह्यू माझा होता, आणि तो पाइप मला दिसला होता.

खरं तर एन्व्हायर्नमेंट पूर्ण रिकामं करून स्क्रिप्ट चालवायला एक छोटी कमांड पुरते. 'एन्व्ह'ला उणे आय द्यायचं आणि पुढे स्क्रिप्टचं नाव. मला हे पंधरा वर्षं माहीत आहे. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी आम्ही दोघांनी बसून ती पुन्हा लिहिली. वर पाथ. डिरेक्टरीत जाता आलं नाही तर तिथेच थांब. पाइपफेल चालू. बॅकग्राउंडच्या दोन्ही कामांचे प्रोसेस नंबर लिहून ठेवून प्रत्येकासाठी वेगळा 'वेट', कारण नुसतं वेट लिहिलं तर आतलं काहीही फसलं तरी शून्यच मिळतं. फाइल ठराविक आकारापेक्षा लहान असेल तर जुनं काहीही पुसायचं नाही, ही कल्पना त्याची. मला सुचली नव्हती.

महिन्याभरापूर्वीची एक कॉपी एकाच्या लॅपटॉपवर सापडली. मधल्या नोंदी ऑपरेशन्सची दोन माणसं आज सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बसून कागदी चलनं बघून भरतायत. पोरगा सकाळी आठलाच तिकडे पोचलाय. अकरा वाजले, मीही निघतो. वडापाव माझ्याकडून कबूल केलेत.