आसगावचा नेव्हिल, बुडापेस्टचा पुश्काश

बिदर जिल्ह्यातल्या मेहकरचा (बुलढाण्याचं मेहकर वेगळं!) माझा एक मित्र गोव्यात आला होता. बार्देशातल्या एका कापलेल्या भातशेतात मुलं फुटबॉल खेळत होती. आम्ही बांधावर बसलो. दहा मिनिटं बघून तो म्हणाला, "ह्यात आपला माणूस कोण हाय?"

आपला म्हणजे मराठी. मला पटकन उत्तर देता येईना. मग मी त्याला नेव्हिल डिसोझाची गोष्ट सांगितली.

नेव्हिल आसगावचा, जन्म १९३२ चा. खेळला मुंबईत, टाटांच्या संघातून. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताचा सेंटर फॉरवर्ड तोच होता. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. पण ४ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे घुसले होते. हंगेरीचे इतर खेळाडू मेलबर्नला आले, फुटबॉलचा संघ आला नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. आपण ४-२ ने जिंकलो आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला. पुढे आपण ४-१ ने हरलो, ती गोष्ट वेगळी. भारत चौथा आला. त्यापुढे ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल आजवर गेलेला नाही.

आता गंमत बघा. हा भारतासाठी गोल करत होता तेव्हा त्याचं आसगाव भारतात नव्हतंच. पोर्तुगीज होते, १९५५ च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद होती. "म्हणजे आमच्यावानीच की," मित्र म्हणाला. खरंच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला, त्या हॅटट्रिकच्या बरोबर महिनाभर आधी, बिदर म्हैसूर राज्यात गेलं होतं. घरात मराठी, कचेरीत कन्नड.

हंगेरीचं नाव निघालं की फेरेंक पुश्काश आठवतोच. ८५ सामन्यांत ८४ गोल, १९५२ चं ऑलिंपिक सुवर्ण, १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडचा ६-३ असा धुव्वा. बंड झालं तेव्हा तो होन्वेड क्लबबरोबर परदेशात होता. तो परतला नाही. बंदी आली, पोट सुटलं. १९५८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रेआल माद्रिदने त्याला घेतलं. १९६० च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात त्याने चार गोल ठोकले! १९६२ चा वर्ल्डकप तर तो स्पेनकडून खेळला. तरी हंगेरीने त्याला परका म्हटलं नाही. तो हयात असतानाच, २००२ मध्ये, बुडापेस्टच्या मुख्य स्टेडियमला त्याचं नाव दिलं. २००६ साली तो गेला. २०१९ मध्ये तिथं नवं स्टेडियम झालं, तेही त्याच्याच नावाचं.

नेव्हिल १९८० मध्ये गेला, पन्नाशीही न गाठता. त्याच्या काळी इथं फुटबॉलवर पोट भरत नसे, कंपनीची नोकरी करायची आणि खेळायचं. आपण गोव्यातले मराठी लिहिणारे केसरबाईंवर लिहितो, मंगेशकरांवर लिहितो, लिहायलाच हवं. पण फुटबॉल म्हटलं की तो ख्रिस्ती वाड्यावरचा खेळ, इंग्रजी पेपरांनी बघून घ्यावा. का? ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कर्णधार झाला, तो कुठल्या वाड्यावरचा? आणि कला अकादमीत नाटक बघून आलेला माणूस धेंपो-साळगावकर म्हटलं की भांडायला उठत नाही का? दुसऱ्याला कशाला बोलू, माझेच गवयांवर दहा तरी लेख असतील. नेव्हिलवर हा पहिला, आणि तोही मेहकरच्या माणसाने विचारलं म्हणून.

एवढ्यात चेंडू आमच्याकडे आला. मित्राने जोरात लाथ मारली. चेंडू बांधालाच अडला आणि चप्पल गोलात गेली. पोरांनी मात्र गोल दिला.